नात्याचा रकाना

१४ सप्टेंबर, कारा-बुलुन

झीपारा,

फोन उचलत नाहीस म्हणून कागद. तुरात म्हणाला, तू नंबरच बदललास. आपल्या खालच्या आळीतला तुरात, येकातेरिनबुर्गची बस चालवतो तो. त्याला तू दोनदा तिथल्या बाजारात दिसलीस म्हणे, निळा एप्रन, हातात फरशी पुसायचा दांडा. वाळलीस म्हणाला. पत्र त्याच्याच हातात देतेय, सोबत कुरूतची पिशवी आहे. यंदा दही जास्त आंबलं, वाळवलेले गोळे खारट झालेत. तुला तसलेच आवडायचे.

अकमूर शाळेत गेलीय तेवढ्यात लिहून घेते. डोळ्यात मोतीबिंदू उतरला तेव्हापासनं माझं लिहिणं-वाचणं तीच करते, पेन्शनची सही सोडून. पण हे पत्र तिच्या हातनं लिहून घेण्यासारखं नाही. म्हणून अक्षरं एवढाली आणि ओळी एकमेकींवर चढलेल्या. समजून घे.

काम एकच आहे. नोटरीकडे जा आणि एक कागद करून पाठव. माझी मुलगी अकमूर हिला सांभाळायला मी बुरुल या बाईला परवानगी देते, बस. तुझी सही, तिथला शिक्का.

का, ते सांगते. ग्रामपंचायतीत भत्त्यांची बाई बसते ना, बाक्तिगुल, तिच्याकडे गेले होते. गरीब घरातल्या पोरांना सरकार महिन्याला काहीबाही देतं. आमच्या आळीत सहा घरांना मिळतं, त्यातल्या दोघांच्या दारात गाडी उभी आहे. मी म्हटलं, आम्हालाही द्या. तिनं वही उघडली.

"घरात माणसं किती, आजी?"

"दोन. मी आणि पोर."

"पोर तुमची कोण?"

"कोण म्हणजे? नात."

"कागद?"

कागदावर, झीपारा, मी तिची कुणीच नाही. जन्मदाखल्यावर आई म्हणून तू, आणि बापाच्या जागी आडवी रेघ. तुझा नि तालायचा निकाह झाला तेव्हा तू म्हणाली होतीस, आई, सरकारी शिक्काही मारून घेऊ या. आणि मी म्हणाले होते, मौलवीनं वाचलंय, देवानं ऐकलंय, आता कारकुनाला कशाला ऐकवायचं? सगळे हसले होते. मीच सगळ्यात मोठ्यानं. आता माझा तालाय मातीखाली आहे. तिकडच्या बांधकामावरनं पत्र्याच्या पेटीतनं आलेला माणूस शिक्का मारायला उठत नाही.

तेव्हा सरकारला दिसतं ते असं की माझ्या घरात मी एकटी. आणि एकट्या बाईनं किती जनावरं पाळलेली चालतात त्याची त्यांची मर्यादा आहे. माझ्याकडे गाय, आठ मेंढ्या आणि ती तांबडी घोडी. बाक्तिगुल म्हणाली, "एका माणसाला जास्त होतात. दोघांना चालली असती."

"अगं, दोघीच आहोत!"

"दाखवा."

मग मी तिला सांगितलं की घोडी माझी नाहीच. घोडी माझ्या मरणाची आहे. तुझ्या सासऱ्यांनी जाताना माझ्या मयतासाठी बाजूला काढून ठेवलेली. तू ओळखतेस तिला, शिंगरू होती तेव्हा तुझ्या ओढणीचं टोक चावायची. गावाला जेवू न घालता गेलेली बाई म्हणून मला जायचं नाही. बाक्तिगुल वाईट नाही गं. म्हणाली, "माझ्याही आजीची आहे, आजी. पण फॉर्ममध्ये मरणाचं जनावर असा रकाना नाहीये."

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. नवं फर्मान आलंय. ज्या पोरांचे आईबाप रशियात आणि सांभाळणाऱ्याकडे कागद नाही, त्यांची यादी करताहेत. मार्चमध्ये यादी बंद होणार, आणि यादीतली पोरं जिल्ह्याच्या सरकारी वसतिगृहात. तेव्हा भत्ता राहू दे बाजूला. पोर घरात राहायला तुझी सही पाहिजे.

ती तुला वहिनी म्हणते आणि मला आई. म्हणून काय तू तिची आई नाहीस असं थोडंच आहे? पहिलं मूल आजीच्या कुशीत टाकायचं, त्यानं आजीला आई म्हणायचं नि आईला वहिनी, ही रीत मी नाही काढली. माझी पहिली मुलगी माझ्या सासूनं घेतली होती. मी नव्हते रडले.

रडले होते.

सही पाठव.

— बुरुल

(खाली 'तुझी सासू' लिहिणार होते. मग लक्षात आलं, त्याचाही कागद नाही.)

२२ ऑक्टोबर

झीपारा, बाळ, बरी आहेस ना. आम्ही बऱ्या आहोत.

(वहिनी, हे मी अकमूर लिहितेय, आई सांगतेय. कंसातलं माझं आहे, ते आईला वाचून दाखवणार नाही. आई बरी नाहीये. खोकते.)

बटाटे काढून झाले. गोवऱ्या रचून झाल्या, भिंतीच्या वर गेल्यात. अकमूर चौथीत गेली, गणितात पहिली आली.

(दुसरी. पहिला नेहमी तो चष्मेवाला येतो.)

तुरात आला. कुरूतची पिशवी परत दिलीस. धुतलेली, इस्त्री केलेली, रिकामी. कुणाचं भांडं, कुणाची पिशवी रिकामी परत करू नये, काही नाही तर चार दाणे साखरेचे तरी टाकावेत, हे तुला या घरात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तिकडे मोठ्या शहरात विसरली असशील. मी काही मनावर घेतलेलं नाही.

(मनावर घेतलंय. पिशवी चुलीत टाकायला निघाली होती. मग त्यात लसूण भरला.)

मागच्या पत्रात मी जे मागितलं ते पाठव. काय ते तुला माहीत आहे. उशीर करू नकोस.

(काय मागितलंय ते मला सांगत नाही. मला विचारशील तर मला हिवाळ्याचे बूट पाहिजेत. जुन्यात अंगठा दुमडून घालावा लागतो. मी मागितले असं आईला कळवू नकोस, ती म्हणते मागणारी पोर शेळीसारखी दिसते. लाल नकोत. तू गेलीस तेव्हा मी पाच वर्षांची होते, तरी तुझा आवाज मला आठवतो. तू मला 'ए चिमणे' म्हणायचीस. आता म्हटलंस तर हसतील, मी आईच्या कानापर्यंत आलेय.)

दाराच्या वर तुझी भाकरी अजून आहे. जाताना तू एक घास घेऊन ठेवलेली. दगड झालीय, पण उंदरानं तोंड लावलेलं नाही. माणूस परत येऊन उरलेली खाईपर्यंत ती काढायची नसते. मी काढलेली नाही.

— बुरुल. आणि अकमूरचा नमस्कार.

(मी सांगितलाच नव्हता नमस्कार, पण असू दे. नमस्कार.)

३ फेब्रुवारी

झीपारा,

तुझ्याकडनं काही आलं नाही. खिंडीत बर्फ आहे, बसा बंद, तेव्हा तुला दोष देत नाही.

(बसा चालू आहेत. तुरातकाका गेल्या महिन्यात येऊन गेला, मोठं खोकं घेऊन. आई म्हणाली ते शेजारच्या सोनुनमावशीचं सामान आहे, आणि लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावलं. सोनुनमावशीला विचारलं तर ती म्हणाली, कसलं सामान? आई चहा टाकायला उठलीय, पटकन लिहितेय.)

एक बातमी. घोडी कापली.

बाक्तिगुलनं सांगितलं, घोडी नसेल तर मी मर्यादेत बसते. मग गरजूंच्या यादीत माझं नाव येतं, आणि नाव आलं की बाकीच्या गोष्टींना सरकार मदत करतं. कुठल्या गोष्टी ते मग कधीतरी. विकायची नव्हती मला. मरणाचं जनावर विकलं तर ते दुसऱ्याच्या लग्नात जातं, तसलं पाप नको. तेव्हा म्हटलं, माझंच मयत आहे, आता करू.

गाव गोळा झाला. लोकांना कळेना काय तोंड करून यायचं. पण सोनुन कसली गप्प बसतेय! फाटकापासनंच गळा काढत आली, "गेली गं माझी बुरुल! माझी चाळण परत न देताच गेली!" म्हाताऱ्यांनी टोप्या तोंडावर धरल्या, हसू दिसू नये म्हणून.

मी म्हटलं, "जिवंत आहे गं बाई. चाळण खुंटीवर आहे, घेऊन जा."

"गप! मेलेलं माणूस बोलत नसतं. कोपऱ्यात आडवी हो आणि आम्हाला जेवू दे."

मौलवी वैतागला. "दुवा कुणासाठी मागू?"

सोनुन म्हणाली, "घोडीसाठी मागा. सगळ्यांत चांगली वागली ती."

तो म्हणाला, "आजवर मी मेलेल्यांसाठी मागितली, आजाऱ्यांसाठी मागितली. भत्त्यासाठी पहिल्यांदाच मागतोय." पण मागितली.

(मी घोडीला शेवटचं पाणी पाजलं. आईनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं. विचारलं तर म्हणाली, माफी मागितली, लवकर बोलावलं म्हणून.)

मांडीचा तुकडा कुणाला, बरगडी कुणाला, पाठीचा कणा कुणाला, सगळं मानाप्रमाणे वाढलं. मयताच्या घरची बाई बसत नाही, वाढते. मग मीच वाढत होते. माझ्या मयताला मीच वाढपी. लोक तृप्त होऊन गेले. जाताना म्हणत होते, बुरुल, देव तुला मोठं आयुष्य देवो. सोनुन म्हणाली, देऊ नको रे देवा, आता हिच्याकडे कापायला काही नाही.

तेव्हा मी हसले. नंतर गोठ्यात गेले तर खुंटा दिसला.

— बुरुल

(वहिनी, मी बुटात पुठ्ठा घालते. पुठ्ठा वाळतो, बूट वाळत नाहीत.)

११ मार्च

झीपारा,

हे माझ्या हातचं.

कोर्टात जाऊन आले. वकील फुकट मिळाला, गरजूंच्या यादीत होते म्हणून. म्हणजे घोडीनं दिला म्हण. कोर्टानं जिल्ह्याच्या पेपरात तुझं नाव छापलं होतं, अमुक तारखेला हजर राहा. तो पेपर तुझ्या हातात पडणार नाही हे कोर्टाला माहीत होतं, वकिलाला माहीत होतं आणि मलाही.

न्यायाधीश पोरगेलासा होता. सर्दी झाली होती त्याला. कागदातच शिंकत होता. मला म्हणाला, "बसून बोला, आजी."

"आई मुलीला कधी सोडून गेली?"

"पाच वर्षं झाली."

"सोडून गेली की कामाला गेली?"

वकिलानं मला आधीच सांगितलं होतं की इथे 'कामाला गेली' म्हणाले तर सगळं मुसळ केरात. मी म्हणाले, "टाकून गेली."

"पाच वर्षांत मुलीसाठी काही पाठवलं?"

"एक दोरासुद्धा नाही."

अकमूरला शेजारच्या खोलीत नेलं. बालकल्याणची बाई होती, तिच्यासमोर बिस्किटं ठेवून विचारलं. दार उघडंच होतं, मला ऐकू येत होतं.

"तुझी आई कोण, बाळ?"

"ती काय बाहेर बसलीय. हिरवा रुमाल."

"आणि झीपारा कोण?"

"आमची वहिनी."

"ती कधी येते?"

"नाही येत."

बाईनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि न्यायाधीशाला वाचून दाखवलं. म्हणाली, मुलीला जन्मदात्या आईची ओळखही उरलेली नाही, यापेक्षा मोठा पुरावा कुठला? तो न्यायाधीश पोरगा शहरातला असावा. त्याला आपल्याकडची रीत कुणी सांगितली नसेल. मी उठून सांगायला हवं होतं, साहेब, माझ्या हाताखाली वाढलेलं पोर आईला वहिनीच म्हणतं, म्हणजे आई वाईट असते असं नाही. माझी पहिली मला जन्मभर वहिनी म्हणत होती, माझ्या हातचं जेवत होती.

मी बसून राहिले.

तुझं आईपण रद्द झालं, झीपारा. दोन पानी कागद आहे, खाली गोल शिक्का. एवढ्या वर्षांत तुझ्या-माझ्या घराला मिळालेला पहिला सरकारी शिक्का.

तू सही पाठवली असतीस तर हे करावं लागलं नसतं. असं मी सगळ्यांना सांगते. तुलाही सांगते.

आता मला पालक नेमतील, पंधरा दिवसांत. मग सगळं ठीक होईल. पोर माझ्याचपाशी राहील.

— बुरुल

३० एप्रिल

हे फॉर्मच्या पाठीमागे लिहितेय. दुसरा कागद घरात नाही. पुढच्या बाजूला 'नामंजूर' असं आहे, ते वाच आणि मग उलट.

वय असा रकाना होता. अडुसष्ट लिहिलं. बाईनं भुवई वर केली, पण सोडून दिलं. आरोग्य: छातीचा फोटो काढायला लावला, त्यात ती जुनी जागा दिसली, क्षयाची, तालाय पोटात होता तेव्हाची. 'बरी झालेली' असं डॉक्टरनं लिहिलं, तरी तिनं त्याभोवती गोल केला. नातं: मी 'आजी' लिहिलं, तिनं खोडलं आणि 'परकी व्यक्ती' लिहिलं. अक्षर सुरेख होतं. उत्पन्न:

इथे ती थांबली. जिल्ह्याची बाई, बाक्तिगुल नव्हे. फाईल पुढे-मागे केली.

"आजी, पालक व्हायचं तर मूल पोसण्याइतकं घरात दिसायला लागतं. तुम्ही स्वतःच गरजूंच्या यादीत आहात."

"तुम्हीच घातलंत ना त्या यादीत."

"ते वेगळं खातं. त्यांची मर्यादा वरची, आमची खालची. त्यांना वाटतं यापेक्षा जास्त नको, आम्हाला वाटतं यापेक्षा कमी नको." पानं उलटता उलटता म्हणाली, "इथे जुनी नोंद आहे, एक घोडी होती. कुठंय ती?"

"कापली."

"का?"

"यादीसाठी."

तिनं फाईल मिटली. हळूच म्हणाली, "ठेवली असतीत तर कदाचित आमच्यात बसला असतात तुम्ही."

झीपारा, मी जन्मभर मेंढ्या मोजल्या, एकही कधी चुकली नाही. आणि ही एवढीशी गोष्ट मला मोजता आली नाही. भत्त्याला एक घोडी जास्त आणि पोर सांभाळायला एक घोडी कमी. मधल्या जागेत किती मावतं? एखादी शेळी?

आई कागदावर उरली नाही, पालक झाला नाही. म्हणजे पोर कुणाचीच नाही, म्हणजे सरकारची. वसतिगृहाच्या यादीची काळजी होती ना मला? तिचं नाव यादीत नव्हतंच. यादी कागद नसलेल्या पोरांची होती, आणि माझ्याकडे आता कागद होता. कोर्टाचा. त्यावरच घेऊन गेले.

पांढरी गाडी मंगळवारी आली. बाक्तिगुल सोबत होती, पूर्ण वेळ खाली बघत होती. अकमूरनं स्वतःची पिशवी भरली. उशी घेतली, चष्मेवाल्याकडनं आणलेली गणिताची वही परत द्यायला माझ्याजवळ ठेवली. मी भाकरी आणली. एक घास चावून ठेव म्हटलं. तिनं चावली, छोटासाच घास, उंदरासारखा. म्हणाली, "जास्त खाल्ली तर मागे काय राहणार?"

सोनुन रस्त्यात आडवी उभी राहिली गाडीपुढे. ड्रायव्हर म्हणाला, मावशी, बाजूला व्हा. ती म्हणाली, "माझी चाळण आहे तिच्याकडे." मग बाजूला झाली. दुसरं काय करणार होती?

दाराच्या वर आता दोन भाकऱ्या आहेत.

८ जून

झीपारा,

तुरात आज निघतोय. हे पत्र तू बसमध्ये बसायच्या आत तुझ्या हातात पडलं पाहिजे, असं त्याला बजावलंय. तो म्हणाला, "नाहीतर काय करशील, मावशी, मेल्यावर शाप देशील? तुझं मयत तर झालं." मी म्हटलं, "मग भूत समज."

तू जूनमध्ये येणार आहेस. मला कसं माहीत? तूच कळवलंयस.

तुझं खोकं मला मिळालं होतं. जानेवारीतच. तुझी चिठ्ठीही. 'आई, माझेच कागद संपलेत, नोटरी दारात उभं करत नाही. नवे होईपर्यंत थांबा. जूनमध्ये येते. तोवर पोरीला सांभाळा.' पाठ आहे मला. मोतीबिंदूचे डोळे आहेत म्हणून तीनदा वाचली, मग नुसती हातात धरली.

आणि बूट. चार जोड. पाच हिवाळे झाले, पहिल्या वर्षी बहुतेक तुला जमलं नसेल. सगळ्यांत लहान जोडाच्या तळव्याला दुकानाची चिकटपट्टी तशीच होती, पिवळी पडलेली. दर वर्षी घेत होतीस आणि पाठवत नव्हतीस. का, ते मी विचारत नाही. या घरातनं एकदा हात रिकामे करून गेलेली बाई या घरात काही पाठवायला कचरत असेल. मापं एकापेक्षा एक मोठी. शेवटचा जोड बरोब्बर होता. तपकिरी. अंदाज कसा लागला गं तुला? पाच वर्षं तिचा पाय पाहिला नाहीस.

मी ते पेटीत ठेवले आणि कुलूप लावलं. पोर पुठ्ठा घालून शाळेत जात होती, बोटं सुजत होती, मी कोमट पाण्यात तिचे पाय धरत होते आणि पेटी चार हातांवर होती. वकिलाला मी बुटांचं विचारलं होतं. म्हणाला, काहीही आलं असेल तर केस गेली. पण तेवढ्यासाठी नाही लपवले. तू म्हणशील सगळ्यासाठी वकील, सगळ्यासाठी बाक्तिगुल. नाही. जूनपर्यंत थांब म्हणालीस ना तू. बाक्तिगुलला ती चिठ्ठी दाखवली असती तर तिनं यादीतनं तीन महिने वाचवलं असतं पोरीला. मीच दाखवली नाही. तू आलीस तर घेऊन जाशील, ही भीती मला यादीपेक्षा मोठी होती. तिला माझ्याजवळ ठेवायचं होतं, एवढंच, बाकी सगळं त्याच्यावर घातलेलं पांघरूण.

काल वसतिगृहात गेले. महिन्यातला पहिला रविवार तेवढा भेटू देतात. गेटवर वही असते: नाव, वेळ, नातं. पहिल्या खेपेला मी 'आजी' लिहिलं, तर माणसानं यादी काढली आणि म्हणाला, आजी नाही हिला. परत पाठवलं. पन्नास किलोमीटर. आता मी 'शेजारीण' लिहिते. शेजारणीला चालतं.

शेवटचा जोड घेऊन गेले होते. तिनं तिथेच बसून घातला. म्हणाली, "आई, उन्हाळ्यात?" मी म्हटलं, "तुझ्या आईनं पाठवलेत."

"तू पाठवलेस?"

मी म्हटलं, "वहिनीनं. ती वहिनी नाही, बाळ. ती तुझी आई आहे."

तिनं नाडी बांधली. मग म्हणाली, "माहीत आहे."

"कधीपासनं?"

"पहिलीपासनं. शाळेच्या दाखल्यावर आहे की. मीच तुला सगळं वाचून दाखवते ना, मग मला कसं माहीत नसेल?"

"मग त्या बाईला तसं का सांगितलंस? कोर्टात?"

"मला वाटलं, आई म्हटलं तर तिच्याकडे पाठवतील. तुझ्याकडे कोण राहणार मग?"

आम्ही दोघी एकाच गोष्टीसाठी खोटं बोललो, झीपारा. एकमेकींना न सांगता. एवढ्या छान जमलेल्या दोघी सरकारला कागदावर सापडल्या नाहीत.

मी आता तिला कुठूनही आणू शकत नाही. तूही नाहीस. बाक्तिगुलनं विचारून पाहिलं, गेलेलं आईपण परत मिळवायला नवी केस, इथला पत्ता, इथली नोकरी, घर. घर माझ्या नावावर आहे, घे. बाकीचं तुझ्याकडे नाही हे मला ठाऊक आहे. खोकला वाढलाय. ती जुनी जागा पुन्हा उघडलीय म्हणतात, म्हणून पुढच्या खेपेला मलाही आत सोडणार नाहीत. तेव्हा यावं लागेल तुलाच.

गावात आधी येऊ नकोस. माझ्याकडे तुझ्यासाठी काही नाही, कापायलाही नाही. फक्त भाकरी आहे दारावर, ती कधीही खाता येईल. सरळ वसतिगृहात जा. महिन्याचा पहिला रविवार, दहा ते बारा. गेटवरच्या माणसाला तंबाखूची पुडी दे. वहीत नाव लिही. नात्याच्या रकान्यात आई लिहू नकोस, आई लिहिलंस तर तो कोर्टाचा कागद काढेल आणि तुला रस्त्यावर उभी करेल. तो कागद मी आणला, त्यावर माझं बोलणं आहे, मला त्यातला एक शब्दही आता खोडता येत नाही.

वहिनी लिही.

आणि उभी राहा. तपकिरी बूट घातलेली पोर धावत येईल.

— बुरुल, शेजारीण